कोपरची छत्री आणि नाथाचं कुलूप

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गावी जाऊन शेती बघतो, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. हवालदार गोपीनाथांनी तिसराच उद्योग काढला. नोकरी सिग्नल्समधली, म्हणजे फौजेचे निरोप पोचवायची, शेवटची वर्षं उपग्रहाच्या स्टेशनवर गेलेली. त्या जोरावर त्यांनी कोपरला आपल्या इमारतीच्या गच्चीवर भलीमोठी छत्री बसवली आणि घरोघर केबल दिली. मिशा आणि शिस्त मात्र फौजेतलीच राहिली. चित्र बिघडलं की आधी गिऱ्हाइकाकडून रिपोर्ट घ्यायचे.

"मुंग्या आहेत की पट्टे? नीट सांगा, वासंतीवहिनी. घाबरायचं काम नाही!"

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सिनेमाच्या एका चॅनेलनं आपल्या चित्राला कुलूप घातलं. पैसे भरा, मग बघा. विठ्ठलवाडीच्या राघोनं कुलूप उघडणारा एक चोरटा डबा आणून दिला. गोपीनाथ तत्त्वाचे कडक. पण ती तत्त्वं रविवारच्या सिनेमापर्यंतच तगली. इमारत खूश झाली.

त्याच दिवसांत सीमेवर लढाई पेटली आणि त्यांचा फौजेतला मुलगा नाथा डोंगरावर गेला. फोन नाही, पत्र नाही. त्याची आई मंजुळा बातम्या संपल्या तरी टीव्हीसमोरून उठायची नाही. एक दिवस तिनं डब्याकडे बोट केलं.

"अहो, सिनेमा उघडलात ना? मग नाथाचं बोलणं उघडा."

गोपीनाथ हसले. ती हसली नाही.

"फौज आभाळातनं बोलते, तुम्हीच सांगता. छत्री आपल्याकडं आहे. मग अडलंय कुठं?"

"तसं जमत नाही, मंजुळे."

"जमत नाही की नियम आड येतो? पोरापेक्षा नियम मोठा तुमचा!"

त्यानंतर तिनं अबोला धरला. ताट वाढायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. अख्ख्या कोपरला आवाज पुरवणाऱ्या माणसाच्या घरात शब्द ऐकू येईना.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी तिला गच्चीवर नेलं. छोटा टीव्ही लावला आणि राघोचा डबा काढून टाकला. नटीचा चेहरा फाटला, वाकडातिकडा नाचू लागला.

"हे बाजाराचं कुलूप. या उपग्रहाचा धंदाच असा, की जितकी घरं जास्त तितकं बरं. म्हणून अर्धामुर्धा चेहरा दिसू देतात. बघून माणसाला हाव सुटावी, त्यानं पैसे भरावे. मी फोडलं, तर बुडतो दुकानदार."

"आणि नाथाचं?" कितीतरी दिवसांनी ती बोलली होती.

"तिथं एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं. बोलणं चाललंय हेसुद्धा तिसऱ्याला कळू नये, अशी धडपड असते. आवाज सारखी जागा बदलतो, आत्ता या लहरीवर तर क्षणात दुसऱ्या. वैऱ्यानं मुद्दाम खरखर सोडली, तरी तो पोचला पाहिजे. आणि ते कुलूप कुणी फोडलं, तर..."

मंजुळाच बोलली.

"तर नाथा कुठं बसलाय ते कळेल."

"हो."

"तुमच्यासारखे डबेवाले पलीकडंही असतील."

"असणारच."

"म्हणजे आपल्याला ऐकू आलं, तर त्यांनाही आलं असतं." ती छत्रीकडे वळली. "पक्कं आहे ना ते कुलूप?"

वासंतीवहिनींच्या मुंग्यांबद्दल छातीठोक बोलणारे हवालदार घुटमळले. "माझ्या वेळचं पक्कं होतं," एवढंच म्हणाले.

तिनं पदरानं छत्रीच्या कडेची धूळ पुसली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथांनी डबा राघोला परत केला. "का हो हवालदारसाहेब, डब्याचीसुद्धा पेन्शन झाली का?" असा टोमणा वासंतीवहिनींनी मारला. एरवी गोपीनाथांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या दिवशी खाली मान घालून पुढे गेले.

लढाई संपेपर्यंत रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना मंजुळा विचारायची, "आज काही ऐकू आलं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणायची, आणि मगच स्वतःचा चहा ओतून घ्यायची.