न विचारता चढवलेला लेख

फोन सलग तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी एस.वाय.च्या वर्गात शिकवत होते. व्हरांड्यात येऊन उचलला. पलीकडे माझी विद्यार्थिनी मोहिनी हिचे वडील, दगाभाऊ.

"मॅडम, पोरीचं काय टाकलं तुम्ही नेटवर? नशिराबादचे पाहुणे परवा बघायला येणार होते. लेख वाचून त्यांनी नकार कळवला."



शिंदखेडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि प्राचार्यांना मुलांच्या लेखनाचा ऑनलाइन पोर्टफोलिओ हवा होता. पोर्टफोलिओ म्हणजे लिखाणाची फाईलच, फक्त कपाटाऐवजी वेबसाइटवर, कुणालाही उघडता येईल अशी. "चाळीस एंट्री तरी दिसू द्या," सर म्हणाले. मी मुळात उतावळी. चार दिवसांत चाळीस लेख टाइप केले, मुलांचे कागद रद्दीत घातले, आणि नावं हजेरीपटावरून जशीच्या तशी उतरवली. मुलीचं, वडिलांचं, आडनाव, खाली गाव.

मोहिनीच्या लेखाचं नाव होतं 'बघायला येतात तेव्हा'. तोवर तिला तीन स्थळं बघून गेली होती. पोहे काकूने करायचे आणि मुलीने केले म्हणून सांगायचं. अंगणात चालून दाखवायचं. एका मुलाच्या आजीने तर पायात दोष नाही ना, म्हणून साडी घोट्याच्या वर धरायला लावली. हे सगळं तिने शांतपणे लिहिलं होतं. आता स्थळाची चौकशी मोबाइलवरही होते. पाहुण्यांनी दगाभाऊंचं नाव टाकलं आणि पहिला हाच लेख निघाला.

दुपारी दगाभाऊ स्वतः आले. ओरडले नाहीत, हळू आवाजात अहिराणीत बोलले, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पोर हुशार शे, माले मालूम शे. पन आते काय करवानं? बठ्ठा गावमा चर्चा शे."

"भाऊ, सगळ्या गावात चर्चा झाली ती माझ्या चुकीने. तिचं कॉलेज बंद करू नका."

"परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही, ते घरी ठरवू. आधी ते काढा."

मी त्यांच्यासमोरच डिलीट केलं. वेबसाइटवर काढलेल्या गोष्टी काही दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत, राहतात. घाईघाईत मी तीही रिकामी केली. प्राचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एकोणचाळीसच राहिल्या?"

दोन दिवस मोहिनी आली नाही. मला चैन पडेना. स्टाफरूममधून उठून गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ती आली, ऑफिसात फॉर्म दिला आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"सुटले बाई," मी म्हणाले. "लेख काढला ते बरं झालं ना?"

"नाही. फॉर्मसाठी मी घरी भांडले. लेख काढा असं मी म्हटलं होतं का?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"मॅडम, टाकताना विचारलं नाही, काढतानाही नाही. माझा कागद तरी द्या."

कागद रद्दीत गेला, हे सांगताना मला मान वर करता येईना. लाज वाटली, अजूनही वाटते.

आठवड्याने तिने लेख पुन्हा लिहून आणला. वर नुसतं 'मोहिनी'. हा पहिल्यापेक्षा धारदार होता आणि शेवटी एक नवा परिच्छेद होता. बघायला येणारे निदान आधी निरोप धाडतात, असं लिहून पुढे तिने आपल्या मराठीच्या मॅडमबद्दल लिहिलं होतं. तीन ओळी, एकही शब्द खोटा नाही.

"वर टाकू?" मी विचारलं.

"टाका."

शेवटच्या तीन ओळी गाळूया का, हे ओठांवर आलं होतं. गिळलं आणि लेख तसाच चढवला. समितीने नेमका तोच उघडला.