फवाऱ्याखालचा हात

भाचीच्या लग्नाच्या सकाळी मी सुमनबरोबर, माझ्या धाकट्या बहिणीबरोबर, पार्लरमध्ये गेले होते. सुमनच्या हातांवर आणि मानेवर गेली वीस वर्षं कोड आहे. तिथल्या मुलीने पेनासारखी नळी उचलली, यंत्र सुरू केलं, आणि त्वचेच्या रंगाच्या मेकअपचं बारीक धुकं सुमनच्या मनगटावर उतरू लागलं.

मी घाबरून विचारलं, "हे अंगात तर जात नाही ना?"

"नाही हो काकू. कण त्वचेच्या अगदी वरच्या थरावर बसतात."

पांढरे डाग एकेक करून मिटत गेले. सुमन हात उलटसुलट करून बघत होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. मलाच भरून आलं. मी तिचा हात हातात घेतला. "किती छान दिसतोय गं!"

ती हळूच म्हणाली, "ताई, किती वर्षांनी धरलास."

कोड स्पर्शाने पसरत नाही, हे मीच चारचौघांना सांगत आले आहे. तरी माझा हात तिच्या खांद्यापर्यंतच जायचा, खाली कधी उतरायचा नाही. केसाहून पातळ थर मध्ये आला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. लग्नात अक्षता टाकतानाही माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमन रंग धुतलेल्या, नेहमीच्या हातांनी चहा घेऊन आली. कप बाजूला ठेवून मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. पण मी मुद्दाम धरलाय, हे तिला कळलं होतं.