हीटर प्लग कोण खातंय?

“ह्यानंच विकले असणार,” शेठ ड्रायव्हरच्या तोंडावर म्हणाले. “नवे प्लग काढायचे, कुणाचे तरी जळके बसवायचे. ह्या हिवाळ्यात तिसरा सेट, मिस्त्री.”

“मी प्लगला हात बी लावला न्हाई,” बबन म्हणाला.

“चोर तो चोर, वर शिरजोर. खरं सांग, नायतर उद्यापासून गाडीवर येऊ नको.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घोडेगावला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. शेठची वर डोंगरात तळेघरला प्रवासी जीप, बबन त्यावर ड्रायव्हर. एकदा चोर ठरला की त्या पट्ट्यात त्याला दुसऱ्या कुणी गाडी दिली नसती.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापते, तिच्यात डिझेल पेटतं. गारठ्यात इंजिन थंडगार पडलेलं असतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग. आम्ही त्याला हीटर प्लग म्हणतो. स्टार्टर मारण्याआधी काही सेकंद करंट दिला की त्याचं टोक लाल होतं आणि गाडी उठते.

मी सगळ्या प्लगना करंट पोचवणारी पट्टी सोडली. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला, टोक एकेका प्लगला. चांगला असेल तर दिवा लागतो. एकच लागला. बाकीचे बाहेर काढले, तर टोकं वितळलेली. पण अंगावर पंचचा ठिपका होता. माझ्या हातून बसलेल्या प्लगवर मी तो मारतोच.

“शेठ, हे मी बसवलेलेच आहेत. बदललेले नाहीत, जळालेत.”

मी बबनला म्हणालो, “रोज सकाळी काय करतोस ते करून दाखव.”

त्यानं डॅशबोर्डखालचं प्लगचं बटण, दारावरच्या घंटीचं असतं तसलं, दाबून धरलं, डोळे मिटले आणि भीमाशंकराचं नाव घ्यायला लागला. बराच वेळ.

“अरे, सोड की.”

“सगळी पाशिंजरं नाव घेत्यात. त्यांचं झालं की सोडतो. वर लई गारठा, जास्त तापल्यालं बरंच की.”

देवाचं नाव घ्यावं, पण बटणावर बोट ठेवून नाही; तेवढ्या वेळात प्लगचं टोक वितळतं. खरं तर करंट वेळेवर तोडायचं काम टायमर रिलेचं. इथं रिलेच नव्हता.

“बटण कुणी बसवलं?”

“रिले गेला व्हता,” शेठ दुसरीकडे बघत म्हणाले. “मीच सांगितलं वायरमनला.”

नवा रिले आणि प्लग बसवले, बटण काढून टाकलं. गाडी रात्रभर बाहेर ठेवली. सकाळी बबननं चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबला, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. शेठ खूश.

“चल बबन, पाशिंजर खोळंबलं असंल.”

बबननं इंजिन बंद केलं आणि चावी बॉनेटवर ठेवली.

“गाडी आता कुणाच्या बी हातानं चालू व्हईल, शेठ. मला चोर म्हणलात, ते काय रिले बदलून जायचं न्हाई.”

तो स्टँडकडे चालू लागला. मला फार वाईट वाटलं, पण त्याला थांबवावंसं वाटलं नाही. शेठला स्वतः जीप चालवत तळेघरला जावं लागलं.

प्लगवर ठपका ठेवण्याआधी आम्ही मेकॅनिक निदान टेस्ट लॅम्प तरी लावतो.