कन्सोलच्या पाठीवरची झूल

उत्तमसिंग राठोड यांना बैल कळतो, हे बाभुळगाव तालुक्यात कुणी अमान्य करत नाही. बाजारात लोक त्यांना आधी चहा पाजतात, मग बैलाचे दात दाखवतात. त्यामुळे मुलगी अंजू आणि मुलगा बादल यांचं दुकानावरून अडलं, तेव्हा निवाडा बापाकडेच गेला.

दुकान बाभुळगावच्या स्टँडसमोर, बहीणभावाच्या भागीत. ऐपत एकाच यंत्राची. अंजूला डेस्कटॉप हवा होता: दिवसा ऑनलाइन अर्ज आणि प्रिंट, संध्याकाळी गेम. बादलला नुसता गेमिंग कन्सोल हवा होता. तेवढ्याच किमतीत कन्सोल जास्त वेगाने गेम चालवतो, असं तो म्हणे, आणि ते खरंही होतं. पण कन्सोल आला तर अंजूला त्या दुकानात करायला कामच उरत नव्हतं.

यवतमाळचा दुकानदार रजत दोन्ही यंत्रं घेऊन तांड्यावर आला. टीव्ही अंगणात आणला गेला.

"उभ्या बैलाची परीक्षा नसते," उत्तमसिंग म्हणाले. "दोघायलेही एकच वावर द्या."

दोन्हीवर ट्रॅक्टरने नांगरायचा एकच गेम लावला. कन्सोलवर बादलचं अर्धं वावर उरकलं तरी डेस्कटॉपच्या पडद्यावर गोल चक्रच फिरत होतं.

"हा तं उठतानाच कण्हून राह्यला," उत्तमसिंग म्हणाले. त्यांनी दोन्ही डब्यांच्या कुशीवर हात ठेवला, कान लावून श्वास ऐकला, डेस्कटॉपच्या मागे वाकून पाहिलं. "दात लय आहेत याले. म्हातारा आहे."

"बा, ते दात नाही. पेनड्राइव्ह, प्रिंटर लावाची जागा आहे," अंजू म्हणाली. "हा नांगरालेही चालते अन् गाडीलेही."

"चालते. पण पयला येत नाही."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा रजतच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. रजतला वाटलं, काका हात चेपून देत आहेत. त्याने दुसराही हात पुढे केला.

सौदा झाला असं धरून उत्तमसिंगांची बायको जमनी हिने नव्या जनावराची रीत केली. कन्सोलला कुंकू लावलं आणि आरशांनी मढवलेली, दुहेरी कापडाची पोळ्याची झूल त्याच्यावर घातली. बादल खेळतच होता. तो आईवर आरडला, "याडी, काढ ते!" पण मुहूर्ताची झूल काढायची नसते. थोड्याच वेळात कन्सोलचा पंखा घरघरला, टीव्हीवर सूचना आली आणि सगळं बंद पडलं.

"बसला," उत्तमसिंग म्हणाले.

"काका, त्याचा श्वास कोंडला! झूल नका घालू त्याले," रजत काकुळतीला आला.

"झूल सोसत नाही तो पोळ्यात कायले न्यावा? अंगण सोडाच्या आधी बैल बसला, सौदा मोडला. आता त्याच्यावर घाला."

जमनी झूल घेऊन डेस्कटॉपच्या डब्याकडे निघाली. अंजू आडवी झाली.

"याडी, तो डबा बैल नाही. ते गव्हाण आहे." तिने झूल घेतली आणि मॉनिटरच्या वरच्या कडेवर घातली. "ज्याले तोंड आहे तो बैल."

"अन् त्याचं तोंड?" उत्तमसिंगांनी कन्सोलकडे बोट दाखवलं.

"त्याले नाहीच. आपल्या टीव्हीवर भागवते."

"बिनतोंडाचा बैल!" उत्तमसिंग रजतवर उखडले. "मले काय दाखवून राह्यला बे तू?"

"बा, हे चीटिंग आहे!" बादल म्हणाला. पण डेस्कटॉप तोवर जागा झाला होता आणि झुलीखाली बिनतक्रार नांगरत होता. निवाडा झाला.

आता दुकानात अर्ज अंजू भरते. संध्याकाळी बादल त्याच यंत्रावर गेम चालवतो आणि रोज बहिणीला ऐकवतो की कन्सोलवर हे मक्खन चाललं असतं. झूल अजून मॉनिटरवर आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातले गेमचे गुण पाहायला गिऱ्हाईकाला ती उचलावी लागते.

तो कन्सोल रजतने कळंबच्या एका घरी विकला. देताना त्याने घरातल्या बाईंना आधी हात जोडले आणि विचारलं, "तुमच्याकडे बैल आहेत काय?"