माळकऱ्याची मांजर

दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेपर्यंत माळकरी बाबा तोंड उघडायचे नाहीत. पेंडेच्या गोण्यांवरून हात फिरवत उगाच उभे राहायचे. सगळे गेले की गल्ल्याजवळ येऊन हळूच म्हणायचे, "शेठ, घरातल्या माणसासाठी पायजे व्हतं."

घरातलं माणूस म्हणजे मांजर. किन्हवलीत माझं पशुखाद्याचं आणि जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे गाईला बाटली न्या, शेळीला न्या, कुणी मान वळवून बघत नाही. पण मांजरीला औषध मागा, चार दिवस गावाला विषय पुरतो. त्यात हे गळ्यात तुळशीची माळ घातलेले, देवळात हरिपाठाला पुढे बसणारे सत्तरीचे गृहस्थ. लाजून अर्धे व्हायचे. असे लाजाळू म्हातारे तुम्हीही पाहिले असतील, पण बाबांसारखा अस्सल मी दुसरा पाहिला नाही.

मांजर त्यांच्या बायकोची. बायको वारली आणि मांजर मागे राहिली, तीही म्हातारी झालेली. तिला पायरी चढवेना, केस गळत होते. फार्महाऊसवाल्यांसाठी मी म्हाताऱ्या मांजरांची एक पूड ठेवायचो. अश्वगंधा, शतावरी, हळद, सगळा झाडपाला. बाबांनी आधी विचारलं, ही शाकाहारी आहे ना? मी ऐटीत डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवला. घरात माळेमुळे मासळी बंद होती. त्यामुळे मांजरीला दूधभात आणि वरून ही पूड.

मांजर सुधारेना. उलट उंबऱ्याला धडकायला लागली. शेवटी तिला टोपलीत घालून, वर लुगड्याचा तुकडा बांधून बाबांनी एसटीने शहापूरला नेलं. कंडक्टरला सांगितलं, कोंबडी आहे. कोंबडी वाटभर म्याँव म्याँव करत राहिली आणि बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पूड खुशाल घाला, पण नुसत्या पुडीवर मांजर जगत नाही. तिला मांस-मासळी लागतेच. ती मिळाली नाही की डोळे जातात, हृदय अधू होतं. हे मला सांगताना बाबांची मान खाली होती.

"माळ मी घातली, शेठ," ते म्हणाले. "उपास तिला घडवला."

आमच्या बाजारात सुकी मासळी घेणं त्यांना शक्य नव्हतं, सगळे ओळखीचे. म्हणून ते मुरबाडला गेले. तिथे गावातल्या एकाने त्यांना जवळा घेताना पाहिलंच. माळकरी चोरून खातो, ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. हरिपाठाला लोक त्यांच्यापासून सरकून बसू लागले. मग बाबा आपणहून मागे, दाराशी बसायला लागले. मांजर मात्र जवळ्यावर तरतरीत होत होती.

मला गावाचा राग आला. मी म्हटलं, बाबा, माझ्या दुकानात दिवसभर माणसं येतात. जवळा मांजरीसाठी होता एवढं मी चौघांना सांगतो, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"नको," ते म्हणाले. मला वाटलं, लोक हसतील म्हणून. पण ते गोणीची सुतळी उचकत सांगू लागले.

"मी माळ घातली तवा आमच्या म्हातारीनं पण मासळी सोडली, माझ्यापायी. मंग ती अंथरुणाला खिळली. काय खायाची नाय. एकदा म्हणली, वाईच जवळा भाजून द्या, तोंडाला चव येल. मी नाय म्हटलं. घरात माळ हाय म्हटलं."

सुतळीचा सुटलेला धागा त्यांनी बोटाला गुंडाळला.

"मांजरीसाठी मी मुरबाडला गेलो, शेठ. म्हातारीसाठी चुलीपर्यंत नाय गेलो. लोकं बोलतात तं बोलू दे."

त्यानंतर बाबा दुकानात यायचे थांबले. मला सगळं सांगून बसले याचीच त्यांना लाज वाटत असावी. मलाही त्यांच्या घरी जायचा धीर झाला नाही. त्यांच्या नावाचा बट्टा पुसायला निघालो होतो, त्याची आता माझी मलाच शरम वाटत होती.

पावसाळा सरल्यावर ते मला मुरबाडच्या बाजारात दिसले. सुकी मासळी विकणाऱ्या बाईपुढे उकिडवे बसून जवळा निवडत होते. आमच्या गावची दोन माणसं शेजारीच उभी राहून बघत होती, बाबांनी मान वर केली नाही. मला बरं वाटलं. जवळ जाऊन म्हटलं, मांजर चांगली खाते म्हणायची.

"मांजर गेली," ते म्हणाले. "म्हयना झाला."

हातातला जवळा त्यांनी पुन्हा एकदा वाऱ्यावर पाखडला, त्यातला कचरा बोटांनी वेचला.

"उद्या म्हातारीची तिथी हाय. तिच्या पानात वाढायचाय."