मृदुंग डावीकडे होता

स्वस्त हेडफोन या विषयावर मी इतका बोललोय की आता कुणी नुसतं "कुठला घेऊ?" असं विचारलं तरी मी चहा आणायला उठतो. महाडच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी नोकरीला आहे, तिथल्या लोकांच्या ग्रुपवर माझी लांबलचक मतं असायची. हजार-दीड हजारात काय घ्यावं, कशाचा बास उगाच फुगवलेला असतो, कशात गाणारा नाकातून गातोय असं वाटतं. आमच्यातला एकजण म्हणायचा, दोनशेवाला काय आणि दोन हजारवाला काय, फरक फक्त खोक्याचा. त्याच्याशी मी जेवणाच्या सुट्टीत भांडायचो आणि माझा डबा तसाच परत घरी यायचा. "कान तयार लागतो," हे माझं ठरलेलं वाक्य. माझा कान कुणी आणि कधी तयार केला, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय.

ज्यांचा कान खरोखर तयार होता ते माझे थोरले मामा. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत राहतात. भात लावतात, दोन म्हशी आहेत आणि वाडीच्या भजनी मंडळात तीस-बत्तीस वर्षं मृदुंग वाजवत आले. शेतीबद्दल विचारलं तर "चाललंय" म्हणतात. मृदुंगाबद्दल विचारलं तर शेजारी बसवून घेतात.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ओटीवर मंडळ तालमीला जमलं होतं. मंडळात गाणारे बुवा मामांच्याच वयाचे, शाळेपासूनचे सोबती. त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी महाडला जाऊन एका लहानशा स्टुडिओत आपले चार अभंग रेकॉर्ड करून आणले होते आणि ते प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. मामा ते रोज ऐकायचे. मुंबईच्या मुलाने येताना आणलेला नेकबँड त्यांच्या गळ्यात होता. त्याला ते पट्टा म्हणायचे.

"भाचेराव, ह्या पट्ट्याचा आवाज बघा काय हाय," मामा म्हणाले.

मी कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "मामा, याला आवाज नाही म्हणत, गोंगाट म्हणतात. हे घ्या." असं म्हणून मी माझे दोन्ही कान झाकणारे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. तेही काही फार महाग नव्हते, पण चार ठिकाणी वाचून, तीन आठवडे विचार करून घेतले होते.

मामांनी डोळे मिटून एक अभंग पुरा ऐकला. मग हेडफोन काढून म्हणाले, "टाळ झकास वाजतोय. बुवांचा गळाबी मोकळा वाटतो. पण मृदुंग कुठं हाय? तुज्यात मृदुंगच नाय वाजत."

"भाच्याच्या यंत्राने मृदुंग गिळला," बुवा म्हणाले आणि ओटीवर हशा पिकला.

मला ते झोंबलं. आता लिहितानासुद्धा कळतं की किती क्षुल्लक गोष्ट होती, पण झोंबलं. मी म्हटलं, "मृदुंग आहे मामा. तुमच्या कानाला सवय नाही."

"माझा मृदुंग मला कळायचा नाय होय रे?" मामा हसत म्हणाले.

मी स्वतः ऐकून पाहिलं आणि भानगड ताबडतोब लक्षात आली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने मृदुंग डाव्या बाजूला ठेवला होता आणि टाळ उजव्या. मामांच्या पट्ट्यात दोन्हीकडे एकच सरमिसळ आवाज येत होता, म्हणून त्यात सगळं ऐकू यायचं. एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे विसरून मी पुरावा द्यायला निघालो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाज एका बाजूला सरकवता येतो. मी तो पुरता डावीकडे सरकवला, हेडफोन पुन्हा मामांच्या डोक्यावर ठेवले आणि त्यांचा मृदुंग सुरू केला.

"आला का?"

"लाव तरी," मामा म्हणाले.

मी आवाज वाढवला. अगदी शेवटपर्यंत वाढवला. हेडफोनच्या कडेतून मृदुंग बाहेर सांडत होता, ओटीच्या पायरीवर बसलेल्या टाळकऱ्यालाही ऐकू येत होता. मामा मात्र ठेका धरायला गुडघ्यावर हात ठेवून, उत्सुक चेहऱ्याने वाट बघत होते.

"अरे लाव ना रे. का चार्जिंग उतरली?"

मामांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, हेडफोन काढले आणि हातात फिरवले. "चार्जिंगच उतरली असंल," ते पुन्हा म्हणाले. या वेळी ते विचारत नव्हते.

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "चार्जिंग भरपूर आहे, मामा. तुमचा डावा कान गेलाय." आणि ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते असं की, बोलताना मला आनंद झाला होता. माझे हेडफोन खरे ठरले होते.

बुवांनी घाईने पेटी ओढली आणि सूर धरला. मामांनी दुपारभर मृदुंग वाजवला, कुठे मात्रेची चूक नाही. पण आता सगळ्यांचं लक्ष बुवांच्या गाण्यावरून उठून मामांच्या हातांवर जाऊन बसलं होतं. माझंही.

नवरात्रात मृदुंगावर बुवांचे मेहुणे बसले. मामांच्या हातात टाळ आले. मला हे दिवाळीत मामीने सांगितलं, सुपात तांदूळ पाखडता पाखडता. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"मामांनी इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

"कळायचं काय ऱ्हायलं होतं? चार वर्सं झाली," मामी म्हणाली. "बुवा आधी समोर बसायचे. मग उजव्या अंगाला बसायला लागले. ते काय उगाच? सगळ्यांना ठावं होतं. बोललं नव्हतं कुणी."

बुवा पुढे एकदा पोलादपूरच्या स्टँडवर भेटले. मी पाया पडलो. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "झाकली मूठ होती रे ती, सव्वा लाखाची. तू उघडलीस. आता मंडळातले इचारतात, बुवा, ज्याला ऐकू येत नाय त्याच्याकडं मृदुंग कसा देता? आधी कुणी इचारत नव्हतं, म्हणून मला सांगायलाबी लागत नव्हतं."

मी मामांना महाडला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डाव्या कानाची नस कामातून गेलीय, उजवा उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते उत्तम ऐकून मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी तिथेही कंपाउंडरला कौतुकाने सांगितलं, "हेडफोन घ्यायचा झाला तर ह्या माझ्या भाच्याला इचारा. त्याचा कान चांगला हाय." त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, पण नव्हता.

यंदाच्या गणपतीत दुपारचं भजन मामांच्याच ओटीवर झालं. मामा रांगेच्या टोकाला टाळ घेऊन बसले होते. बुवांचे मेहुणे लय पळवत होते. बुवांनी दोनदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, गाता गाता हाताने "हळू" अशी खूण केली. मामा टाळ वाजवत राहिले, पण त्यांचा पाय जुन्या लयीत, सगळ्यांच्या मागून पडत होता. तोच पाय बरोबर होता.

भजन आटोपलं, मंडळ करंज्या खाऊन पुढच्या घरी निघालं. मामा मागे राहिले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

"काय भाचेराव, मृदुंग कसा वाजला? तुला कळतंय, तू सांग."

वाईट वाजला म्हणावं, तर मग मृदुंग मामांच्या हातून गेला कुणामुळे, हे दोघांनाही ठाऊक होतं. आयुष्यभर कुणी न विचारता मतं देत आलो होतो; आता तर खुद्द मामा विचारत होते.

"चांगला वाजला," मी पुटपुटलो.

मामा वाट बघत राहिले. मग म्हणाले, "बोल की रे."

मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो. उठलो, उजवीकडे जाऊन बसलो आणि तेच खोटं पुन्हा एकदा, जरा मोठ्याने बोललो.