ऑफिस असिस्टंट म्हणजे नेमकी कोण?

नालासोपाऱ्याच्या एका झेरॉक्सवाल्याने माझ्या विद्यार्थिनीचं जर्मन प्रमाणपत्र मोबाइलमध्ये घातलं, इंग्रजी करून दिलं, आणि हुद्द्याच्या जागी ठसठशीत छापलं: ऑफिस असिस्टंट. ते घेऊन पोरगी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात गेली. तिथली यंत्रं जर्मनीहून येतात, जर्मन येणारं माणूस त्यांना हवंच होतं. पण शेठनी कागद बघितला आणि गोड शब्दांत सांगितलं, की चहा आणायला आणि फायली फिरवायला आमच्याकडे माणूस आहे. आता शेठना तरी काय बोल लावायचा? आपल्याकडे ऑफिस असिस्टंट म्हणतात तो हाच.

ती तडक माझ्याकडे आली. मी घरीच जर्मन शिकवते आणि कागदपत्रांचे अनुवाद करते. बारावीनंतर तिला पहिले जर्मन शब्द मीच शिकवले होते. पुढे तिने जर्मनीला जाऊन तीन वर्षं ऑफिसच्या कामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि तिथेच नोकरीला लागली. आता वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून रजा काढून आली होती. आई नाही, भावंडं नाहीत. रजा संपली की परत जायचं, नाहीतर इथे नोकरी धरून तिकडे राजीनामा पाठवायचा. तिला इथेच राहायचं होतं.

"टीचर, तुम्ही सरळ मॅनेजर लिहा ना," ती म्हणाली.

मॅनेजर म्हणे! माझं डोकंच सणकलं. खोट्यावर माझी सही उठवायची असेल तर झेरॉक्सवालाच बरा, असं मी तिला सुनावलं. पण ती गेल्यावर मूळ कागद वाचत बसले आणि राग कुठल्या कुठे गेला. काउफफ्राउ फ्युअर ब्युरोमॅनेजमेंट. शब्दशः करायला गेलं तर ऑफिसच्या कारभाराची व्यापारीण. आता ही बाई ऑफिसात बसून विकते तरी काय? इंटरनेटवर बघितलं तर कुणी तिला क्लार्क म्हणतंय, कुणी असिस्टंट, कुणी थेट मॅनेजर. एकाच खुर्चीवर तिघं बसवलेले!

मग मला नादच लागला. एक हुद्दा शोधायला जावं तर त्याच्या मागून पाच निघत. झाखबेआर्बायटरिन म्हणजे एकेक प्रकरण हातात घेऊन तडीस नेणारी, तिला इंग्रजीत धड नावच नाही. जुन्या काळी साहेबाच्या दाराबाहेर बसणाऱ्या सेक्रेटरीला म्हणे फोरत्सिमरडामे म्हणत, पुढच्या खोलीतली बाई. हे मराठीत कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर छापून बघा, काय गहजब होईल! मी एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं आणि विचारलं, की बाई गं, तू दिवसभर तिकडे करायचीस तरी काय? बिलं, पगाराचे कागद, माल पुरवणाऱ्यांशी घासाघीस, साहेबाच्या गाठीभेटी, असं ती सांगत गेली. साहेबाने चुकीच्या कागदावर सही केली तर तो परत त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवायची. मी विचारलं, कॉफी कोण करायचं? तर म्हणाली, ज्याची त्याने. साहेब स्वतःचा कप स्वतः विसळायचे. मला ते भारीच वाटलं. शेठना ऐकवलं असतं तर त्यांनी साहेबालाच असिस्टंट ठरवलं असतं.

त्याच संध्याकाळी दारात तिचे वडील उभे. एका हातात काठी, आणि रिक्षावाल्याच्या हातात वाडीतल्या राजेळी केळ्यांची फणी. रिक्षावाला केळी ठेवून खाली गेला. वडील कसेबसे खुर्चीत टेकले आणि नजर चुकवत म्हणाले, "टीचर, पयलं होतं तेच ऱ्हाऊ द्या. असिस्टंट."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. शेठने ठेवली नाही तर पोरगी निमूट परत जाईल. "मला आंघोळ घालायला ती एवढी शिकली नाय," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि संतापही आला. लेकीला एक शब्द हवा थांबण्यासाठी, बापाला दुसरा हवा तिला घालवण्यासाठी, आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायला तयार नाहीत! केळी ठेवून घेतली, वचन काही दिलं नाही. रात्री लिहिलं ते असं: जर्मन हुद्दा होता तसाच ठेवला. त्याखाली इंग्रजीत, ऑफिसच्या कारभाराचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती. मग तिने सोबत आणलेल्या तिकडच्या कंपनीच्या पत्रातली कामं, एकही न गाळता आणि एकही न वाढवता.

शेठनी या खेपेस कागद शेवटपर्यंत वाचला. यंत्राचा एक भाग बरेच दिवस जर्मनीत अडकून पडला होता. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. तिने कुणाशी काय वाद घातला ते शेठना कळलं नाही, पण भाग निघाल्याचा मेल आला आणि नोकरी पक्की झाली.

रविवारी मी त्यांच्या वाडीवर गेले. वडील ओटीवर बसले होते आणि लेक त्यांच्या लुळ्या हाताला तेल चोळत होती.

"शेवटी नाय ऐकलंत माझं," ते मला म्हणाले. मग लेकीकडे बघत म्हणाले, "पन तिकडं ती होती तरी कोन? मला कोनी सांगितलंच नाय."

इतके दिवस शब्दांशी झगडून मी त्यांना हुद्दा सांगितलाच नाही. ती काय काय करायची तेवढं सांगितलं, बिलांपासून साहेबाच्या चुकलेल्या सहीपर्यंत. ते कान देऊन ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांचा चेहरा एकदम काळजीत पडला.

"अरे देवा," ते म्हणाले, "मग आता हिच्याशिवाय त्यांचं कसं व्हायचं?"

लेकीचा हात थांबला नाही. "त्यांना दुसरी मिळेल, बाबा," ती म्हणाली. "तुला कुठनं मिळणार?"